यंत्र, कामगार आणि शासन : नागपूरचा अनुभव



नवे यंत्र आले म्हणजे जुना कामगार कोठे जातो, हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने पुन्हा एकवार सर्वांच्या तोंडी झाला आहे. लेखनिकाचे, टंकलेखकाचे, हिशेबनिसाचे, दूरध्वनीवरून ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देणाऱ्या तरुणाचे, किंबहुना संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्या अभियंत्याचेही काम यंत्र करू लागले आहे. शासनाने अशा वेळी काय करावे, याविषयी मते पुष्कळ ऐकू येतात. तथापि ज्या नगरात हा विचार आज होत आहे, त्या नागपूरने हा प्रश्न सुमारे दीडशे वर्षे जवळून पाहिला आहे. येथे शासनाने कामगाराचे काम राखण्याचे अनेक उपाय केले. काही फळास आले, काही कागदावर राहिले, आणि काहींनी तर ज्याचे रक्षण करावयाचे त्याचेच थोडे नुकसान केले. तो अनुभव नीट उलगडल्याखेरीज पुढची वाट दिसणे कठीण आहे.

जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या परिसरात, जेथे आता व्यापारी संकुल उभे आहे, तेथे १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेदजी नसरवानजी टाटा यांनी मुंबई सोडून नागपूरची निवड केली, कारण कापूस दाराशी होता, रेल्वे दहा वर्षांपूर्वीच येऊन पोहोचली होती आणि कोळसाही फार दूर नव्हता. या गिरणीने १८८० च्या दशकात एक धाडस केले. त्या काळी सूतकताईसाठी म्यूल नावाचे यंत्र सर्वत्र रूढ होते. ते आधी धागा ओढून पिळी, मग थांबून गुंडाळी. आणि ते चालविण्यास कसलेला कारागीर लागे. नव्या रिंग यंत्रात पीळ आणि गुंडाळणी एकाच वेळी, न थांबता होई. लँकेशायरचे गिरणीमालक या यंत्राकडे संशयाने पाहत असताना नागपूरने त्याचा प्रयोग केला, आणि तो यशस्वी झाला.

रिंग चात्यांमुळे म्यूलवरील कसबी कामगाराचे महत्त्व कमी झाले, हे उघड आहे. परंतु गिरणी वाढत गेली, एकीच्या पाच गिरण्या झाल्या आणि कामगारांची एकूण मागणीही वाढली. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की याच गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १८९५ पासून अपघातग्रस्त कामगारांस नुकसानभरपाई देण्यास प्रारंभ केला. त्या वेळी तसे करण्यास भाग पाडणारा कायदा देशात नव्हता. यंत्र जलद झाले आणि त्यासोबत कामगाराच्या वार्धक्याचा विचारही झाला, असा योग इतिहासात वारंवार येत नाही. मालकाच्या सद्बुद्धीवर हा विषय सोडून द्यावा असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्याच काळातील अन्य गिरण्यांतील कामगारांची स्थिती पाहिली म्हणजे ते पुरते कळते.

गिरणीच्या भोंग्याबरोबर शहराचा एक भाग उठत होता, तर दुसरा भाग धोट्याच्या आवाजावर जगत होता. महाल, इतवारी, पाचपावली, तांडापेठ, मोमिनपुरा या वस्त्यांतील कोष्टी, हलबा-कोष्टी आणि मोमीन विणकर काठाची धोतरे, उपरणी आणि लुगडी विणीत. घरातील एकाने मागावर बसावे, स्त्रियांनी कांड्या भराव्यात, मुलांनी आणि वृद्धांनी सूत उकलावे, पाजणीला सर्वांनी हात लावावा, असा तो कुटुंबाचा धंदा होता. गिरणी ही या विणकरांची प्रतिस्पर्धी होती, आणि त्यांना सूत पुरवणारीही तीच होती. यंत्राशी असलेले हे दुहेरी नाते पुष्कळदा विसरले जाते. गिरणीच्या सुताने हातसुताचा धंदा नाहीसा केला, पण हातमागाला स्वस्त व सारखे सूत मिळाले. गिरणीच्या कापडाने मात्र पुढे त्याच हातमागाचे गिऱ्हाईक ओढून नेले.

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने हातमाग विणकराचे काम राखण्याचे जे प्रयत्न केले, तितके प्रयत्न अन्य कोणत्याही धंद्यासाठी क्वचितच झाले असतील. १९५० मध्ये काही वाणांचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. गिरण्यांनी किती धोतरे विणावीत यावर पुढे मर्यादा घालण्यात आली. पूर्वीच्या उत्पादनाच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंतच त्यांना मुभा राहिली. १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पै असा अधिभार बसवून तो पैसा खादी व हातमागाच्या विकासाकडे वळविण्यात आला. यंत्राने होणाऱ्या लाभातून एक हिस्सा काढून तो यंत्रामुळे संकटात आलेल्या कारागिरास द्यावयाचा, ही कल्पना आज जगभर ‘यंत्रमानवावर कर’ या नावाने नवी म्हणून मांडली जाते. भारताने ती सत्तर वर्षांपूर्वी तीन पैच्या हिशेबाने अमलात आणली होती.

याच सुमारास दोन समित्यांनी परस्परविरुद्ध मते दिली. नित्यानंद कानुनगो यांच्या अध्यक्षतेखालील वस्त्रोद्योग चौकशी समितीने १९५४ मध्ये असे सुचविले की हातमागाचे क्रमाक्रमाने यंत्रमागात रूपांतर करावे. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या समितीने १९५५ मध्ये नेमका उलट कौल दिला : ज्या देशात भांडवल थोडे आणि हात पुष्कळ, तेथे वाढत्या कापडाची गरज हातमागाने भागवावी. शासनाने कर्वे समितीचा मार्ग बहुतांशी स्वीकारला आणि १९५६ पासून गिरण्यांच्या मागांची संख्या गोठविली.

परंतु झाले निराळेच. गिरणीचा रस्ता अडविला गेला खरा, पण त्या रिकाम्या जागेत हातमाग आला नाही. तेथे यंत्रमाग शिरला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे घराघरांत, गल्लीबोळांत यंत्रमाग उभे राहिले. गिरणीवर नजर ठेवणे सोपे होते, कारण तिला फाटक होते, हजेरीपट होता, धुराडे होते. चार-सहा मागांच्या शेडवर नजर कोण ठेवणार? हातमागासाठी लडीच्या रूपात राखलेले सूतही यंत्रमागांकडे जाऊ लागले. नियम केला तो मोठ्यासाठी, आणि त्याचा लाभ घेतला तो मधल्याने. स्वयंचलनाविरुद्धच्या कोणत्याही संरक्षणाचा विचार करताना हा अनुभव प्रशासकांनी टेबलावर ठेवावा असा आहे.

राज्य शासनाने १९७१ मध्ये महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ स्थापन केले आणि त्याचे मुख्यालय नागपूर येथे ठेवले. सहकारी संस्थांच्या बाहेर राहिलेला विणकर हा महामंडळाचा प्रमुख लाभार्थी होता. सावकाराकडून सूत घ्यावयाचे, कापड त्यालाच द्यावयाचे आणि हिशेबाच्या वेळी त्याच्याच वहीवर विश्वास ठेवावयाचा, या चक्रातून विणकराला सोडविण्यासाठी महामंडळ सूत देई, मजुरी देई आणि तयार कापड विकत घेई. १९७६ पासून केंद्र शासनाची जनता कापड योजना आली. गरिबांना स्वस्त धोतर व साडी मिळावी आणि विणकराला वर्षभर काम मिळावे, असा तिचा दुहेरी हेतू होता. हजारो मागांना या योजनेने काम पुरविले, हे मान्य केले पाहिजे. विणकराच्या घरी चूल पेटण्याची शाश्वती आली.

तथापि जनता कापड जाडेभरडे असे, त्याची मजुरी बेताची असे, आणि त्यात कसबाला वाव नव्हता. ज्या हातांनी बारीक सुताचे, रेशमी काठाचे उपरणे विणले, ते हात वर्षानुवर्षे साधे धोतर विणू लागले. काम वाचले, कसब खालावले. १९९० च्या दशकात केंद्राने ही योजना टप्प्याटप्प्याने बंद केली तेव्हा विणकराकडे बाजारात उभे राहण्याजोगे वाण उरलेले नव्हते. याउलट भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील टसरची करवतकाठी साडी, जिच्या काठाचे दाते तीन धोट्यांच्या विणकामाने साधले जातात आणि जी साध्या यंत्रमागावर सहजी उतरत नाही, ती थोड्या प्रमाणात का होईना टिकून राहिली आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. संरक्षण देताना कामगाराला सर्वांत सोप्या कामावर बसवून ठेवणे हे दिसण्यात दयेचे असते. पण यंत्र सर्वांत आधी तेच काम गिळते.

१९८५ मध्ये संसदेने हातमागासाठी वाणे राखून ठेवण्याचा स्वतंत्र कायदा केला. त्याखाली २२ वाणे राखीव झाली. यंत्रमागधारक न्यायालयात गेले, अंमलबजावणी वर्षानुवर्षे अडली, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. १९९६ मध्ये राखीव वाणे ११ वर आली. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ज्यांनी माग मोडून लाकूड विकले होते, त्यांच्या उपयोगी तो निकाल पडण्यासारखा नव्हता. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात विणकर व पूरक काम करणारे मिळून ३५ लाखांहून अधिक आढळले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. म्हणजे धंदा संपला नाही. पुरुष निघून गेले आणि स्त्रिया मागे राहिल्या.

गिरणी कामगारांचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. त्यांच्याकडे संघटना होती. एकाने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत, या ‘सुसूत्रीकरणा’च्या वादातून १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या होत्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे तरतूद आली की ज्या सुधारणेमुळे कामगार कपात होण्याचा संभव आहे ती करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत शासन, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून मान्य केले की सुसूत्रीकरण करताना विद्यमान कामगारांची कपात होऊ नये, त्यांच्या कमाईत घट होऊ नये, लाभाची न्याय्य वाटणी व्हावी आणि कामाचा बोजा नीट मोजला जावा. या ठरावाची भाषा साधी आहे. आजही कोणी संगणकीय यंत्रणेविषयी करार लिहावयास बसला तर याहून निराळे काही लिहावे लागेल असे वाटत नाही.

१९७६ मध्ये कायद्यात एक संपूर्ण प्रकरण जोडण्यात आले. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने कपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी, असे त्यात ठरले. १९८२ च्या दुरुस्तीने ही संख्या १०० वर आली. आजारी गिरण्या शासनाने स्वतः चालवाव्यात, हाही एक मार्ग होता. राज्याने त्यासाठी १९६६ मध्येच वस्त्रोद्योग महामंडळ काढले. १९७४ मध्ये देशातील १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत नागपूरची मॉडेल मिल आणि अकोला, हिंगणघाट, अचलपूर येथील गिरण्या होत्या. एम्प्रेस मिल डबघाईस आली तेव्हा राज्य विधानमंडळाने १९८६ मध्ये खास कायदा करून ती संपादन केली.

हेतू शुद्ध होता. नागपूरच्या हजारो घरांची भाकरी या एका फाटकावर अवलंबून होती, आणि शासनाने ती भाकरी काही काळ राखलीही. पण यंत्रे जुनीच राहिली. नवी यंत्रे आणावीत तर माणसे कमी होणार. न आणावीत तर कापड बाजारात टिकणार नाही. या कात्रीत दोन्ही न करण्याचा मार्ग निवडला गेला, आणि नव्या शतकाच्या प्रारंभी गिरणी बंदच झाली. म्हणजे यंत्र आल्यामुळे जितके कामगार गेले असते, त्याहून अधिक यंत्र न आल्यामुळे गेले. हे विधान कामगारांच्या विरोधी म्हणून वाचले जाऊ नये. निर्णय त्यांच्या हाती नव्हता. फाटकाबाहेर मात्र तेच उभे राहिले.

बंद गिरणीच्या कामगारासाठी केंद्राने १९८६ मध्ये पुनर्वसन निधी योजना आणली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य, अशी तिची घडण होती. तीन वर्षांत माणूस नवे काम शोधील, अशी अपेक्षा. पंचेचाळिशीतील कामगार, ज्याने आयुष्यभर तुटलेला धागा जोडला, त्याने नवे काम कोणते शोधावयाचे? १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन झाला, तेव्हा पुनर्प्रशिक्षण हा त्याचा जाहीर उद्देश होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्तीपोटी खर्च झाला आणि प्रशिक्षणाच्या वाट्याला फारच थोडा आला. २००० मध्ये तो निधीही मोडीत निघाला. पैसे वाटणे सोपे, कारण त्याची पावती मिळते. माणसाला नवे काम शिकविणे कठीण, कारण त्याला वेळ आणि शिक्षक दोन्ही लागतात.

तरीही यंत्र येऊन माणूस टिकला, अशी उदाहरणे नाहीत असे नव्हे. संगणक प्रथम आला तेव्हा आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी १९६० च्या दशकात त्याच्याविरुद्ध दीर्घकाळ पहारा दिला होता. १९६९ मध्ये केंद्र शासनाने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद गोखले संस्थेचे विनायक महादेव दांडेकर यांच्याकडे होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. यंत्रे किती व कोठे बसवावयाची हे ठरले, ती चालविणाऱ्यांना विशेष भत्ता ठरला आणि यंत्र हळूहळू आत आले. यंत्राचा वेग वाटाघाटीने ठरला, म्हणून लेजर लिहिणारा कारकून पडद्यापुढे बसण्यास शिकला. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरही १९८० च्या दशकाच्या मध्यास तेच घडले. तार खाते २०१३ च्या जुलैत बंद झाले, तेव्हा तारबाबूंना अन्य कामावर घेण्यात आले. हे सारे कायम नोकरीतील कर्मचारी होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

महाराष्ट्राने या विषयात एक अस्सल देणगी दिली आहे, आणि तिचा उल्लेख स्वयंचलनाच्या चर्चेत क्वचितच होतो. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा ही ती देणगी होय. कळमन्याच्या बाजारात पोती उतरविणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी एक अडत्या, दुपारी दुसरा. वाराई घेतली की संबंध संपला. या कायद्याने असे ठरविले की मालकांनी मंडळाकडे नोंद करावी, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावी, आणि मंडळाने हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान द्यावे. मालक बदलला तरी हमालाच्या नावावरील जमा बदलत नाही. संरक्षण नोकरीला चिकटविलेले नाही. ते माणसाला चिकटविले आहे. मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत आणि काही ठिकाणी माथाडीच्या नावावर दंडेली चालते हेही खरे. परंतु मूळ रचना इतकी शहाणपणाची आहे की २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत भ्रमणध्वनीवरून काम मिळविणाऱ्या फिरत्या कामगारांसाठी जी तरतूद आली तिच्यात तिची छाया दिसते. त्या संहितेनुसार काम पुरविणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्के मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी द्यावयाची आहे.

आता आजच्या प्रश्नाकडे. नागपूर हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरात मागे नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने पोलीस तपासासाठी या तंत्राचा उपयोग करणारी ‘मार्व्हल’ ही संस्था येथेच स्थापन केली. मुंबई व पुणे यांच्यासह नागपुरात या विद्येचे केंद्र उभारण्यासाठी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार झाला. मिहान येथे मोठ्या संगणकसेवा कंपन्यांच्या वसाहती आहेत. विदर्भातील हजारो पदवीधरांचे डोळे त्यांच्याकडे लागलेले असतात. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जगभरातील आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे कारण नसून कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही, असे कंपनीने सांगितले. ज्या घराण्याने नागपुरात १८८६ साली निवृत्तिवेतन निधी काढला, त्याच घराण्याची ही कंपनी असावी, हा केवळ योगायोग. पण नागपूरकराला तो जाणवल्यावाचून राहत नाही.

केंद्राच्या आर्थिक पाहणीने २०२४-२५ साठी एक संपूर्ण प्रकरण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगातील श्रमिकांस वाहिले आहे. त्याआधीच्या पाहणीने हिशेब मांडला होता की २०३० पर्यंत दरवर्षी शेतीबाहेर सरासरी ७८.५ लाख रोजगार निर्माण व्हावयास हवेत. माणूस कमी करणारे यंत्र आणि माणसे वाढती असलेला देश, असा हा मेळ आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने कपातीपूर्वीच्या परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० कामगारांवर नेली. सुसूत्रीकरणापूर्वीच्या नोटिशीची तरतूद तिसऱ्या अनुसूचीत कायम राहिली. आणि एक नवी गोष्ट आली : कामगाराची कपात करणाऱ्या मालकाने त्याच्या शेवटच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरावयाची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची. तत्त्व स्वागतार्ह आहे. परंतु पंधरा दिवसांच्या पगारात कोणती विद्या शिकून होते, हा प्रश्न शिक्षकांनाच विचारलेला बरा. १९९२ च्या निधीत पैसा होता, प्रशिक्षण नव्हते. या निधीत प्रशिक्षण हा शब्द आहे, आणि पैसा पंधरवड्याचा आहे. जर्मनीत मंदीच्या काळी कामाचे तास कमी करून वेतनातील तुटीचा मोठा भाग शासन भरते, म्हणजे माणूस नोकरीत राहूनच शिकतो. सिंगापूरने २०१५ पासून पंचवीस व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांच्या नावे शिक्षणासाठी स्वतंत्र जमा ठेवली. या देशांची लोकसंख्या आणि तिजोरी निराळी आहे. पण शिक्षणाची जमा कपातीनंतर देण्याऐवजी आधीपासून माणसाच्या नावे ठेवावी, ही गोष्ट माथाडी कायद्याच्या महाराष्ट्राला परकी वाटू नये.

शिक्षकांच्या दृष्टीने दोन उपक्रम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. जुलै २०२५ मध्ये केंद्राने सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी पंधरा-पंधरा तासांचे तीन पाठ आणि शिक्षकांसाठी ४५ तासांचा स्वतंत्र पाठ सुरू केला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर झाली असून तीत एक हजार संस्था यावयाच्या आहेत. नागपूर विभागातील प्रशिक्षण संस्थांत जोडारी, वीजतंत्री, वेल्डर हे व्यवसाय आजही मागणीत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता पत्र लिहिते, पण गळकी पाइपलाइन अद्याप दुरुस्त करीत नाही. मुलाला कारकुनीकडेच ढकलण्याचा पालकांचा आग्रह मोडण्याचे काम शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास साधणार नाही.

पंचायत सदस्यांसाठी तर हा विषय आपल्याच कार्यालयात बसलेला आहे. २०११ मध्ये संग्राम प्रकल्पाखाली ग्रामपंचायतींत संगणक परिचालक आले. २०१६ पासून ते आपले सरकार सेवा केंद्रांत काम करू लागले. जन्म-मृत्यूची नोंद, दाखले, करवसुलीची आकडेवारी, योजनांचे अर्ज, हे सारे त्यांच्या बोटांवर चालते. ते ग्रामपंचायतीत बसतात, पण नेमणूक कंत्राटी. ग्रामपंचायत कर्मचारी म्हणून मान्यता आणि किमान वेतन या मागण्यांसाठी त्यांचे मोर्चे हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरच्या रस्त्यांवर अनेकदा दिसले आहेत. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘आपले सरकार’च्या सुमारे ५०० सेवा व्हॉट्सॲपवरून देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. नागरिकाला हेलपाटे पडू नयेत, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. शेतकऱ्याने बोलावे आणि अर्ज आपोआप भरला जावा, तो दिवसही दूर नाही. त्या दिवशी परिचालकाचे काय?

मिहानमधील अभियंत्याविषयी वर्तमानपत्रे लिहितील. बँकेतील कारकुनासाठी १९८३ मध्ये करार झाला, कारण त्याच्याकडे कायम नोकरी आणि संघटना होती. गिरणी कामगारासाठी विधानमंडळाने कायदा केला, कारण फाटकाशी हजारो माणसे उभी होती. परिचालकाच्या बाबतीत कपातीची नोटीस कोणी कोणाला द्यावयाची, हेच प्रथम ठरवावे लागेल. कंत्राटाची मुदत संपते, नवे कंत्राट निघत नाही, आणि कोणाचीही कपात न होता माणूस घरी जातो. ३०० कामगारांची मर्यादा त्याला लागू पडत नाही, कारण एका गावात तो एकटाच असतो. भिवंडीच्या शेडमधील यंत्रमाग जसा निरीक्षकाच्या वहीत नव्हता, तसा हा कामगारही श्रमकायद्याच्या वहीत नीट बसत नाही.

येथे पंचायत समितीला वरून आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यात ग्रामपंचायती, शाळा, आरोग्य केंद्रे, सहकारी संस्था यांतून संगणकावर लेखनकाम करणारी कंत्राटी माणसे किती, त्यांचे वय व शिक्षण काय, कंत्राट कोणामार्फत आणि कोणत्या तारखेपर्यंत, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही, आणि ज्या सेवा यंत्रावर जाणार आहेत त्यांपैकी कोणत्या आज या माणसांच्या हातून होतात, एवढे पाच-सहा रकाने पुरेत. अर्ज यंत्राने भरला तरी तो अडला कोठे हे पाहणारा, वृद्धांना आणि निरक्षरांना हाताशी धरणारा, चुकीची नोंद दुरुस्त करवून घेणारा माणूस गावात लागणारच आहे. या कामासाठी आधीपासून बारा-पंधरा वर्षे अनुभव घेतलेल्या परिचालकाहून योग्य कोण, हे त्या यादीवरून आपोआप दिसेल. ग्रामसेवक व शिक्षक यांनी मनावर घेतले तर अशी यादी आठवड्याभरात तयार होते, आणि ती पंचायत समितीच्या पुढील मासिक सभेपुढे ठेवता येते.